रोगट न्या, बरा तुकडा कशाला?

मागच्या महिन्यात, बाबांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, परळच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मला चक्क गप्प बसावं लागलं... मला ओळखणाऱ्यांना कळेल, ही केवढी मोठी बातमी आहे!

बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आणि त्यांची मुलगी, म्हणजे अस्मादिक, लॅबमध्ये नेमकं त्यावरच काम करते. रक्त पडतंय हे त्यांनी 'मूळव्याध असेल' म्हणून माझ्यापासून लपवलं होतं. मी आधी चिडले, मग रडले, मग कामाला लागले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

आमचं काम थोडक्यात सांगते, घाबरू नका. पेशंटच्या आतड्यातला कॅन्सरचा एक तुकडा आणि तिथूनच जरा लांबचा एक निरोगी तुकडा, असे दोन्ही आम्हाला लागतात. पेशींमधले कुठले जीन्स, म्हणजे जनुकं, नको तितके कामाला लागलेत आणि कुठले झोपी गेलेत, हे ताडून बघायचं. निरोगी तुकडाच नसेल तर काय बिघडलं ते ठरवणार कसं?

आता नियम असा, की परवानगी मी मागायची नाही. घरच्या माणसावर दबाव नको. म्हणून लॅबमधली मैत्रीण स्नेहल विचारायला आली आणि मी खिडकीशी उभी... तोंडाला कुलूप.

बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "रोगट काय तो न्या. बरो तुकडो कित्याक व्हयो? तो मी देवचंय नाय!"

स्नेहलला वाटलं, काका घाबरले. मला मात्र कळलं, हे कुठून आलं. गिरणी संपानंतर, बाबा कामाला होते त्या गिरणीत 'मोडके माग तेवढे काढतो' म्हणून सांगितलं होतं, आणि मोडक्यांबरोबर चांगले चालते मागही भंगारात गेले. बाबांचेही. तेव्हापासून 'खराब तेवढंच काढू' म्हणणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्येही त्यांचं हेच तुणतुणं!

खरं सांगू? सॅम्पल काय, दुसरं मिळालं असतं. पण ज्या कामाला मी इतकी वर्षं दिली, त्यावर माझ्याच बापाचा विश्वास नाही, हे आत खुपत होतं... फार खुपत होतं.

स्नेहल शहाणी. तिने सरळ सर्जनना बोलावलं. त्यांनी बाबांच्याच पोटावर बोट ठेवून दाखवलं, की गाठीच्या दोन्ही बाजूंचा थोडा चांगला भाग काढावाच लागतो, नाहीतर रोग मागे राहतो. त्यातलाच तुकडा लॅबला जाईल, जादा काही कापणार नाही. आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल.

बाबा "बघूया" म्हणाले आणि कुशीवर वळले. संपला विषय, असंच मला वाटलं.

सकाळी गावच्या मंडळातली मंडळी भेटायला आली. आम्हा मालवणी लोकांचं देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान हलत नाही; एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबांनी बेडवरच बसून हात जोडले...

"बा देवा म्हाराजा! माझो रोगट तुकडो नि बरो तुकडो, दोनय आज माझ्या चेडवाच्या कामाक देतंय. त्यातसून कायतरी चांगला घडव. जा माका झाला, ता दुसऱ्या कोणाच्या लेकराक होव दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा वॉर्ड दणाणला. शेजारच्या बेडवरचे गुजराती काकासुद्धा! सिस्टर ओरडल्या, पुन्हा आलेली स्नेहल संमतीचा फॉर्म आणि पेन घेऊन पुढे झाली आणि मी, त्यांचं चेडू, खिडकीकडे तोंड करून ढसाढसा रडले.

बाबा आता घरी आहेत. बांगड्याचं झणझणीत तिखलं मिळत नाही म्हणून आईशी रोज भांडतात... म्हणजे तब्येत उत्तम.

आमच्याकडे सॅम्पलच्या ट्यूबवर नाव नसतं, फक्त कोड. बाबांची कुठली, हे मला कधीच कळणार नाही. त्यामुळे हल्ली रोगट-बऱ्या तुकड्यांची प्रत्येक जोडी मी बाबांचीच समजून उचलते... आणि ज्या अनोळखी माणसांनी आपला बरा तुकडाही आमच्या हवाली केला, त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते.