बॅरलमधला स्लो

कोल्हापुरात गाडी दुरुस्त झाली की मालक रेस सोडून देतो आणि नुसता कान लावतो. इंजिन जागच्या जागी इतकं सावकाश चाललं पाहिजे, की ठोके मोजता यावेत. याला आम्ही स्लो म्हणतो. माझं गॅरेज त्या स्लोवरच चालतं. पार गारगोटीहून लोक गाडी घेऊन येतात, ते पिकपसाठी नव्हे, स्लोसाठी. मला त्याची घमेंड होती. होती म्हणतोय.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीला लागून. ग्रामपंचायतीकडे पुरासाठी एक फायबरची बोट आहे. तिचं इंजिन दोन पावसाळे गोदामात पडून होतं. त्या वर्षी पाणी चढायला लागलं तसा सरपंचांचा फोन आला, तुमच्याच गावचं काम आहे, येऊन जा. बोटीचं इंजिन मी जन्मात उघडलं नव्हतं. पण हे मी कुणालाही सांगितलं नाही. इंजिन ते इंजिन, त्यात काय एवढं!

जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसला होता. तो काढला, जेट फुंकून साफ केले, प्लग बदलला. पंचायतीसमोर पाण्याचं बॅरल ठेवून त्यात इंजिनाचा खालचा पंखा बुडवला आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. मग मी स्लोचा स्क्रू हलक्या हातानं उलटा फिरवत आणला, ठोके मोजता येईपर्यंत. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "मेस्त्री, शिलाई मशीनगत चालतंय की!" मी कॉलर ताठ केली आणि मुक्कामाला आईकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी गावाला पाण्याचा वेढा पडला. बोट बाहेर काढली. वल्हवायला आणि सुकाणूला गावातले एक म्हातारे नावाडी होते, आणि इंजिनाचा माणूस म्हणून मी. पहिल्याच खेपेला आई होती. सारा जन्म नदीकाठी काढला, पण ती कधी नावेत बसलेली नव्हती. पाण्याची तिला फार भीती. काठावर उभी राहून तिनं मला एवढंच विचारलं, "तू नीट केलंयस न्हवं?"

"व्हय."

"मग बसते की."

आठ माणसं घेऊन आम्ही निघालो. रेस दिलेली असेपर्यंत इंजिन झकास चाललं. गावाच्या खाली विजेच्या तारा पाण्याला टेकायला आल्या होत्या. त्या चुकवायला नावाड्यांनी रेस कमी केली आणि रिव्हर्स टाकला. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं.

नावाड्यांनी वल्ह्यानं खांबाला रेटून बोट तारांतून सोडवली, पण आता ती धारेला लागली. खाली बंधारा होता. पुरात बुडालेला, पण त्याच्यावरून पाणी कसं आदळतं ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्याचा आवाज ऐकू येत होता.

दोरी ओढली. इंजिन लगेच सुरू झालं. गिअर टाकला, बंद. पुन्हा सुरू, गिअर टाकला, पुन्हा बंद. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू पाहिला, उघडा होता. पेट्रोल चढवायचा रबरी गोळा दाबला, कडक लागला, म्हणजे पेट्रोल येत होतं. सुरू होतंय म्हणजे प्लगही ठीक. "मेस्त्री, काय तरी करा," नावाडी ओरडले. ते वल्हं मारून मारून दमले होते. आईनं दोन्ही हातांनी बोटीची कड धरली होती. ती पाण्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाडीला क्लच असतो, भार हळूहळू येतो. इथं क्लच नव्हता. गिअर पडला की अख्ख्या नदीचा भार एका झटक्यात त्या पंख्यावर येत होता, आणि मी इंजिनात दमच ठेवला नव्हता. बॅरलमध्ये, न्यूट्रलला, चार लोकांच्या शाबासकीसाठी मी स्लो लावला होता. बिघाड इंजिनात नव्हताच.

वरचं झाकण काढून पायाशी टाकलं. स्क्रूड्रायव्हर दोनदा खाचेतून निसटला. स्लोचा स्क्रू दीड फेरा आत आवळला. दोरी ओढली. इंजिन घुमलं, बेसूर, माझ्या गॅरेजात मी कुणाला ऐकूही दिलं नसतं असं. नावाड्यांनी गिअर टाकला तशी बोट धाडकन उसळली, आई गुडघ्यांवर पडली, पण इंजिन चालू राहिलं. बंधारा दोन बोटींच्या अंतरावरून मागं गेला.

पलीकडच्या कोरड्या रस्त्याला बोट लागल्यावर लोक माझी पाठ थोपटायला लागले. मेस्त्री होता म्हणून वाचलो, असं जो तो म्हणत होता. ते मला सोसवेना. "माझ्यामुळंच बंद पडलं," मी म्हणालो, "स्लो चुकीचा लावलेला, मीच." थोपटणारे हात थांबले. मी आईकडे पाहिलं. तिचे गुडघे फुटले होते.

"पल्याड किती माणसं हाईत अजून?" तिनं विचारलं.

"वीसेक."

"चुकलंय कुठं ते तुला म्हाईत झालंय. मग तूच जायचं, दुसऱ्या कुणी न्हाय."

मला जायचं नव्हतं. तरी बोटीत चढलो आणि इंजिन सुरू केलं. बोट बांधलेली दोरी आईनं खुंटीवरून स्वतः काढून हातात घेतली होती. नावाड्यांनी गिअरवर हात ठेवला आणि थांबले.

"आक्का," ते म्हणाले, "दोरी सोडा की."

तिनं ती सोडली नाही. त्यांना तीनदा सांगावं लागलं.