शपथवाले सर

जावईबापू, जरा जवळ या. म्हणजे तिकडे कॅनडातच बसा, पण कान इकडे द्या. रागवत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. परवा फोनवर तुम्ही हसत हसत म्हणालात, “चार कागदांचं इंग्रजी करायला तुमच्या आर्णीत इतका वेळ लागतो?” तेव्हा तुमची बायको इथे, तुम्ही तिथे, जीव टांगणीला होता, सगळं कबूल. पण ज्या माणसाला तुम्ही नावं ठेवलीत तो तुम्हाला ठाऊकच नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही त्यांना शपथवाले सर म्हणायचो. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि तहसील कचेरीसमोर नोटरी वकिलाच्या टिनाच्या खोलीत एक टेबल टाकून बसले. कुणाचा जन्मदाखला, कुणाची मार्कशीट, मराठीचं इंग्रजी करून द्यायचं आणि ‘हे भाषांतर खरं व बरोबर आहे’ अशी वकिलासमोर शपथ घ्यायची. बाकीचे लोक ही शपथ चहा पिता पिता घेतात. सरांनी ती अंगालाच लावून घेतली होती. चहावाल्यानं “जमला का सर चहा?” म्हणून विचारलं, तर म्हणायचे, “थांब, अर्धा होऊ दे.”

कागद वाचताना पेनचं टोपण दातात धरायचे. टोपण तोंडात आहे तोवर समोरच्यानं गप्प बसायचं. टोपण बाहेर आलं की समजावं, काहीतरी अडलं.

तुमचं लग्न खरोखरीचं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे तिकडच्या साहेबांना पटलं तरच रश्मीला तुमच्याकडे येता येणार होतं. म्हणून लग्नाची पत्रिका इंग्रजीत हवी होती. सरांनी पत्रिका घेतली आणि दुसऱ्याच ओळीला टोपण बाहेर आलं.

“बाई, इथं सकाळचा मुहूर्त छापला आहे.”

“हो सर, भटजींनीच काढून दिला होता.”

“मी त्या लग्नात होतो. जावई घोड्यावर अन् त्यांचे फुलसावंगीचे दोस्त घोड्यापुढं. बसस्टँडपासून मंडप केवढ्याक दूर, पण वरात काही हलेना. अक्षता पडल्या तेव्हा उन्हं कलली होती. मी उपाशी होतो, मले पक्कं आठवते.”

“सर, छापलं तेवढंच करा ना.”

“करतो. पण खाली टीप टाकीन.”

आणि टाकली. ‘या भागात पत्रिकेवरील वेळ ही यजमानाची इच्छा समजावी.’ जावईबापू, तुमच्या दोस्तांचा नाच असा सरकारदरबारी पोचला आहे.

मग खालची ओळ आली, ‘आमच्या रश्मीमावशीच्या लग्नाला यायचं हं’ आणि लेकरांची नावं. सर म्हणाले, “हे पिल्लू कोण? आधार कार्डावर काय नाव आहे?” मी म्हटलं, “त्याचं तर बारसंही व्हायचं होतं तेव्हा.” “मग त्यानं निमंत्रण कसं दिलं?” त्यावरही टीप पडली. लग्नाच्या फोटोंखाली व्हिसाचं काम पाहणाऱ्या एजंटानं लिहून पाठवलं होतं, ‘वधू आनंदाने हसत आहे.’ सर फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “हे हसू नाही. पोरगी घामानं वैतागून राह्यली.” रश्मी म्हणाली, “सर, खरंच वैतागली होती मी.”

असे दिवस गेले. पण खरा उशीर त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे झाला. हे रश्मीनंही तुम्हाला सांगितलं नसेल.

आईचं एक पत्र लागत होतं. एजंटानं नमुना दिला होता, ‘माझी मुलगी पतीकडे कायमची जात आहे याचा मला मनापासून आनंद आहे.’ मला फक्त सही करायची होती. रश्मी झेरॉक्सला गेलती. सरांनी वाचलं, टोपण काढलं.

“बाई, हे खरं आहे काय?”

“सर, लेक नवऱ्याकडे चालली. आनंद नाही होणार काय?”

“मले काहून विचारता? सही तुमची आहे.”

मी पेन हातात धरून बसले. हिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. शेवटी म्हटलं, “सर, तिनं जावंच. नवरा तिथं अन् ही इथं, हे काही बरोबर नाही. पण ती गेली की भाजी किती टाकावी, हेच मले समजणार नाही.” सरांनी मान खाली घालून ते जसंच्या तसं लिहून काढलं.

नागपूरहून एजंटाचा फोन आला. “काकू, आनंद टाका. आनंद लागतोच.” सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. “आनंदाची शपथ मी घेणार नाही. दुसरा माणूस पाहा.” रश्मी घरी येऊन रडली. “आई, तुझ्या भाजीपायी माझा व्हिसा अडकला ना, तर पाहून घे.” मीही घाबरले. दोनदा नमुन्यावर सही करायला बसले, दोनदा उठले. शेवटी पोरीनंच सरांचं पत्र पुन्हा वाचलं, फाईलमध्ये लावलं आणि फाईल गेली.

व्हिसा आला तेव्हा मी पेढे घेऊन गेले. “सर, तुमच्या पत्रानं काम झालं.” सरांनी पेढा खाल्ला. “तसं त्याईनं कळवलं काय?” “नाही.” “मग कसं सांगता? पेढा मात्र चांगला आहे.”

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण अक्षर पहिल्यासारखं दिसेना. त्याच आठवड्यात टेबल उचललं. “जे नीट दिसत नाही त्याची शपथ कशी घेऊ?” म्हणाले, आणि मुलीकडे अमरावतीला राहायला निघाले. जायच्या आदल्या दिवशी भेटायला आले. निघताना दारात थबकले. आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणत नाही, मसणात जाणाराही ‘येतो’ म्हणेल. सर चपला घालून उभे, बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, “जातो, बाई.”

तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं, खोटी आस लावून गेले नाहीत.

आणि तुम्ही, जावईबापू, दर फोनला ठेवताना म्हणता, “येतो लवकरच.” रश्मीही मागून ओरडते, “येते गं आई.” असं म्हणत नका जाऊ. तिकिटं काढा आणि या.