चिमाजीकाकांचं फडकं

कॉम्प्युटर तापू नये म्हणून त्याच्या आत छोटे पंखे असतात. ते नीट फिरतायत का, यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात तेजस्विनीताई लिहिते. विंचूरच्या तिच्या भावकीला वाटतं पोरगी पंखे दुरुस्त करते. उन्हाळा लागला की सगळे आपापले पंखे तिच्याकडे आणून टाकतात आणि ही बाई ते दुरुस्त करूनही देते. मी दोन वर्षं तिच्या हाताखाली आहे. मला अजून टेबलफॅनलाही हात लावू देत नाही.

गेल्या मार्चात विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्यानं तिचा प्रोग्रॅम चाचणीसाठी घेतला. पहिल्याच दिवशी ऐन लिलावात त्याचा कॉम्प्युटर तापून बंद पडला. प्रोग्रॅम मात्र शेवटपर्यंत सांगत होता, पंखा उत्तम फिरतोय. व्यापाऱ्यानं एक दिवसाची मुदत दिली. उद्या पुन्हा बंद पडला तर काढून न्या, म्हणाला. ताईची आठ महिन्यांची मेहनत होती. पंखाच खराब म्हणून सांगून टाकू, असं मी सुचवलं. तिनं लॅपटॉप बॅगेत भरला. मी गुपचूप बाइक काढली.

विंचूरला पोचल्यावर तिनं स्क्रीनकडे पाहिलंच नाही. कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. लहानपणी कांदाचाळीत साठवलेला कांदा आतून सडतोय का, हे ती असाच हात खुपसून ऊब बघून ओळखायची. हाताला जाळीवर आवळून बांधलेलं जाडंभरडं फडकं लागलं.

"कांद्याची टरफलं आत जात्यात ना, ताई," मुनीम चिमाजीकाका अभिमानानं म्हणाले. "दर शुक्रवारी धुतो मी."

मला हसू फुटणार होतं. ताई हसली नाही.

"चूक माझी आहे, काका. पंखा जोरात फिरला की मी खूश. त्याला वारा मिळतोय का, हे बघितलंच नाही."

तिथंच गोणीवर बसून तिनं नवा नियम लिहिला: पंखा पूर्ण जोरात आणि तरी उष्णता चढतेय, तर वाऱ्याची वाट बंद आहे. टरफलांचा त्रास खराच होता, म्हणून फडकं राहू दिलं. फक्त जाड सोडून जुन्या धोतराचं पातळ बांधलं.

दुसऱ्या दिवशी अकराला, लिलाव रंगात असताना, स्क्रीनवर अक्षरं उमटली: चिमाजीकाका, फडकं झटका. काकांनी दारात जाऊन फडकं झटकलं, परत बांधलं. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. व्यापाऱ्यानं प्रोग्रॅम ठेवून घेतला.

निघताना काका हळूच म्हणाले, "मालक अजून चिम्या म्हनतो. मशीन काका म्हनतं."

पुढं आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी प्रोग्रॅममधून ते नाव काढायला सांगितलं. ताईनं मान डोलावली. विंचूरच्या कॉम्प्युटरवर ते अजून आहे.