धूरमामाचा कोठा

धूरमामा कुणाच्याही घरी गेले की माणसांना नमस्कार करण्याआधी कोठ्यात शिरत. आमच्या चिचगडकडे गोठ्याला कोठा म्हणतात. आत जाऊन म्हशीजवळ बसायचं, दोन अगरबत्त्या पेटवायच्या आणि मान वर करून धूर कुठे जातो ते पाहत राहायचं. एकदा देवरीजवळ एका नव्या कोठ्यात ते असे बसलेले पाहून घरच्या बायकांना पूजा चाललीय असं वाटलं. त्या हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. मामांनी कुंकू म्हशीला लावायला सांगितलं, अर्धा नारळ खाल्ला आणि कोठ्यात वारा अडतो असा निकाल दिला.

मी मूळचा शहराला लागून असलेल्या मुर्रीचा. मास्तर म्हणून चिचगडला आलो तेव्हा जनावरांबद्दलचं संपूर्ण अज्ञान सोबत आणलं होतं. हौसेनं वासरासकट गाय घेतली आणि पावसाची झड लागताच कोठा टिनानं अन् खताच्या पोत्यांनी चारी बाजूंनी बंद केला. थेंब आत येईना, याचा मला फार अभिमान होता. वासरू मात्र खोकायला लागलं आणि चौथ्या दिवशी त्यानं दूध सोडलं. माझी झोप उडाली.

समोरच राहणारे मामा आले. त्यांच्या अगरबत्तीचा धूर छपरापर्यंत गेला, तिथे फिरला आणि आमच्याच डोळ्यांत उतरला. "गुरुजी, वासराले पेटीत ठेवलं का जी?" असं म्हणत ते छपरावर चढले आणि भर पावसात आढ्यावरची कवेलं, म्हणजे कौलं, काढू लागले. पाणी आत येईल, असं मी खालून ओरडलो.

"पाऊस वरून येते, वारा खालून वर जाते. दोघाची गाठ कायले पडन?" मामा म्हणाले. मग त्यांनी त्या फटीवर वाकवलेल्या टिनाची टोपी बसवली आणि वळचणीखालची पोती सोडली. वासरू आठवड्यात उड्या मारू लागलं. मामांचा मी कायमचा भक्त झालो.

पुढे मामांनाच दम लागू लागला, पोट फुगू लागलं. मी त्यांना देवरीला नेलं. डॉक्टर पुण्याकडचे, नवीनच आलेले. त्यांनी विचारलं, कोठा साफ होतो का?

"रोज दोनदा," मामा म्हणाले. "सकाळी मी करतो, सांजी सून करते."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. मग त्यांनी विचारलं, वारा सरतो का?

"सरते ना जी. पण वरूनच सरला पायजे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. मी खुलासा करायला हवा होता, पण मला हसू आवरेना. शेवटी तपासून त्यांनी हृदय थकलंय असं सांगितलं आणि मामांना वारा लागू देऊ नका, अशी ताकीद दिली.

सुनेचा सासऱ्यावर फार जीव. तिनं ती ताकीद अक्षरशः पाळली. नव्या स्लॅबच्या खोलीत मामांना निजवलं, खिडक्या लावल्या आणि फटींत चिंध्या कोंबल्या. मी गेलो तेव्हा मामा घामानं भिजले होते, धापा टाकत होते. भिंतीपलीकडे त्यांची म्हैस झुळझुळ वाऱ्यात रवंथ करत होती. मी खिडकीकडे हात नेला तर सून आडवी आली. मामांना काही झालं तर, म्हणून ती रडू लागली.

मामांनी तिला जवळ बोलावलं. "बाई, मले सासरा नोको समजू. म्हैस समज."

 सून पदरानं डोळे पुसून बाहेर गेली आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आली. मी स्टुलावर चढून स्लॅबखालच्या दोन विटा काढल्या, बाहेरून टिनाची टोपी लावली आणि खिडकी खालच्या बाजूनं किलकिली केली. मामांनी अगरबत्ती मागितली. धूर सरळ वर जाऊन भोकातून निघून गेला. "आता झाला कोठा," ते म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

पोळा झाल्यावर मामा गेले. ते भोक त्यानंतर कुणी बुजवलं नाही. त्याच खोलीत त्यांचा फोटो आहे. मी गेलो की फोटोपुढे अगरबत्ती लावतो आणि मान वर करून पाहत राहतो. नव्या माणसांना वाटतं, गुरुजी प्रार्थना करताहेत. सून मात्र चहा ठेवता ठेवता हळूच विचारते, "धूर निघून रायला ना जी?"

निघून राहिला, मी सांगतो.