तोड म्हंजे तोड

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी कडेगावच्या जगताप सुभेदारांचं नाव घेतो. आईला ते मान्य आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. साताऱ्याला कॉलेज करून कोरेगावात घरी बसलो होतो, तेव्हा सुभेदारांनी मला साखर कारखान्याच्या ऑफिसात चिकटवलं. "चिकटवलाय खरा, पर डिंक अजून वला हाय," असं ते चारचौघांत सांगत. म्हणजे नोकरी तात्पुरती.

सुभेदार कारखान्याचे संचालक होते. पलटणीत त्यांनी वायरलेस हाताळलेला, त्यामुळे वायर असलेली प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे यायची. आधी पंखे आले, मग पंप, आणि शेवटी कॉम्प्युटर. कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची, ती यादी पुण्याच्या एखाद्या कॉम्प्युटर कंपनीकडून करून घ्यायचं ठरलं. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं आणि शेतकरी ऑफिसात येतात.

दोन कंपन्यांचे साहेब आले. पहिले टायवाले. त्यांना काहीही विचारा, "नो प्रॉब्लेम." सुभेदारांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "ज्याला कसलीच अडचण न्हाई, त्यानं काम केल्यालंच नसतंय."

दुसरे कुलकर्णी साहेब. ते म्हणाले, "मशीन बंद पडतं. पण आम्ही लगेच दुरुस्त करतो."

"लगेच म्हंजे कवा?"

"शक्य तितक्या लवकर."

"आवं, लवकर म्हंजे कवा?"

कुलकर्णींनी घाम पुसला. "दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत."

"हां. आता माणसात आलासा."

करार लिहायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्षांनी बजावलं, यादीचा घोटाळा झाला तर कोरेगावची एसटी धरायची. मी जपून, कॉलेजातल्या मराठीत लिहिलं: 'यादीस विलंब झाल्यास कंपनीने ताबडतोब तोड काढावी.' तोड म्हणजे उपाय. कुलकर्णींनी सही केली.

ऐन हंगामात यादी आली नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला, तरी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कुलकर्णी स्वतः मोकळ्या हातांनी हजर झाले. आवारात शेतकरी जमले होते आणि अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. सुभेदारांनी करार मागवला, ते कलम मोठ्यानं वाचलं आणि कुलकर्णींच्या हातात कोयता दिला.

"अहो, तोड म्हणजे उपाय," कुलकर्णी म्हणाले.

"पुण्यात आसंल. हितं तोड म्हंजे तोड. सही तुमचीच हाय न्हवं?"

सगळं आवार जवळच्या फडाकडे निघालं. "सायेब, बुडातनं तोडा, शेंड्याला काय दाढी करतायसा?" असं एकजण शिकवत होता. दुपारपर्यंत कुलकर्णींची एक मोळी झाली, तीही बांधताना सुटली. हसून हसून अध्यक्षांना ठसका लागला आणि माझी एसटी चुकली.

त्यानंतर सोमवारची यादी शनिवारीच येऊ लागली. "डिंक वाळला रं तुझा," सुभेदार म्हणाले. पुढे मला साताऱ्यात मोठी नोकरी लागली, तेव्हा निरोप देताना त्यांनी तोच कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तिथून मी त्यांना पाठवलेलं हे पत्र:

'ती. सुभेदारसाहेबांस सा. न. आज आमच्याकडे एका कंपनीचे साहेब आले होते. "लगेच करू" म्हणाले. मी विचारलं, "लगेच म्हणजे कधी?" ते म्हणाले, "शक्य तितक्या लवकर." मग कसलासा आवाज झाला म्हणून मी ड्रॉवर उघडला, तर आपला कोयता सरकला होता. तो मी टेबलावर ठेवला. साहेबांनी आपण होऊन तारीख सांगितली. करारात मी या वेळी "उपाय" असंच लिहिलं आहे. आपला, डिंक वाळलेला.'