फुलं येण्याआधीची पानं

कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. पापनाशमकडे शेतांच्या बांधावर एक कडू झुडूप उगवतं, तापात त्याचा काढा देतात. कुणी उगाच उपटून नेऊ नये म्हणून इथे नाव सांगत नाही. त्याच्या पानांचा अर्क मी काढला आणि पुण्याच्या एका विषाणुतज्ज्ञ बाईंना पाठवला. डेंग्यूच्या विषाणूवर प्रयोग करायची सोय त्यांच्याकडे होती.

सुरुवातीला आम्ही इंग्रजीतच बोलायचो. एकदा फोन चालू असताना मी आईला हाक मारली, ती त्यांनी ऐकली.

"अहो, तुम्ही मराठी? पण हे तर बखरीतलं मराठी!"

"तंजावरकडच्या आम्हा लोकांचं असंच," मी म्हटलं. तेव्हापासून त्या माझ्या ताई झाल्या.

पहिल्या अर्काने विषाणूला रोखलं, विषाणू सोडलेल्या पेशी जगल्या. आम्ही हरखून गेलो. दुसऱ्या खेपेच्या अर्काने काहीच केलं नाही. तिसऱ्यानेही नाही.

"पहिल्या वेळी माझंच काही चुकलं असेल," ताई म्हणाल्या. मला ते पटेना.

मी बस पकडून पानं तोडून देणाऱ्या अम्मांच्या शेतावर गेले. त्यांना सगळं तमिळमध्ये सांगितलं. त्या हसायलाच लागल्या.

"पहिल्यांदा नेलीस तेव्हा झुडपाला फुलं नव्हती. नंतर दोन्ही वेळा भर फुलांत आलीस. फुलं आली की पानाचा कडूपणा उतरतो. तेव्हा आम्ही काढ्यालासुद्धा घेत नाही."

इतकी वर्षं शिकवतेय, आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं!

पुढच्या हंगामात अम्मांनी एकेक पान चाखून वेळेवर तोडणी केली. ताईंनी चाचणी तीनदा केली, वर दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही करून घेतली. त्यांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते.

"जगल्या गं! सगळीकडे जगल्या!"

आमच्यात पहिल्यांदाच 'गं' आलं. माझा चेहरा बघून मुलींनी विचारलं, मी सांगितलं, आणि अख्ख्या वर्गाने बाकं बडवली.

औषध व्हायला अजून पुष्कळ चाचण्या बाकी आहेत. पण शोधनिबंध छापून आला, आणि त्यात आम्हा दोघींबरोबर अम्मांचंही नाव आहे. तो घेऊन मी आणि खास पुण्याहून आलेल्या ताई शेतावर गेलो. अम्मांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, पदराने डोळे टिपले आणि ताईंकडे वळून विचारलं, "मग, या वर्षी किती पोती भरू?"