शवासनाचा पुरावा

माझ्या मरणाची बातमी माझ्या बायकोला मीच पाठवली, आणि तीही ऑफिसच्या वेळेत.

आमचे वडील हृदयविकारानं गेले. ते ज्या वयात गेले, त्या वयाला मी पोहोचलो आणि मंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, झोप उडाली. (माझी उडाली नाही. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.) नेमकं तेव्हाच आमच्या साहेबांनी कर्मचाऱ्यांचं हृदय मनावर घेतलं. लिफ्ट बंद करून तिच्या दारावर ‘जिना हेच औषध’ अशी पाटी लावली आणि चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात रोज चार वाजता व्यायाम सुरू केला. मंदाला आनंद झाला, पण मला ती पुरती ओळखून आहे.

‘‘फोटो पाठवा,’’ ती म्हणाली. ‘‘फोटोबिगर मले भरोसा नाही.’’

म्हणून पहिल्याच दिवशी मी माझा फोन शेजारच्या टेबलावरच्या मेश्रामकडे दिला. सांगितलं, चांगला फोटो काढ आणि मंदाला पाठव. मेश्राम सालस माणूस. काम सांगितलं की मनापासून करतो, हाच त्याच्यातला धोका. मी उड्या मारत होतो तोवर फोटो हलून येत होते. त्यामुळे मी स्थिर होण्याची तो वाट पाहत राहिला.

आणि मी स्थिर झालो! शेवटी शिकवणाऱ्या मॅडमनी शवासन दाखवायला एकाला पुढं बोलावलं. सगळ्यात जास्त धापा मी टाकत होतो, म्हणून मान मला मिळाला. फरशी गार लागू नये म्हणून पांढरी चादर अंथरली. साहेबांनी मॅडमना दिलेला झेंडूचा गुच्छ ठेवायला जागा नव्हती, तो कोणीतरी माझ्या उशाशी ठेवला. बाकीचे सगळे भोवती हात जोडून, डोळे मिटून दीर्घ श्वास घेत उभे राहिले. मेश्रामला हवा तसा फोटो मिळाला. त्यानं तो मंदाला पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. मग मॅडमच्या नियमाप्रमाणे माझा फोनही आवाज बंद करून बाकीच्यांच्या फोनजवळ कपाटात ठेवला.

मला गाढ झोप लागली. मॅडम हळूच म्हणाल्या म्हणे, यालाच खरी विश्रांती म्हणतात, कोणी उठवू नका, ते उठेपर्यंत तुम्ही तसेच श्वास घेत राहा.

तिकडे मंदानं फोटो पाहिला. मला फोन लावला, मेश्रामला लावला. कोणी उचलेना. तिनं काटोलला माझ्या थोरल्या भावाला, दादाला, रडत कसंबसं सांगितलं आणि ऑटोत बसली. ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या दारावरची पाटी वाचायला ती थांबली नाही, बटण दाबून पाहिलं आणि जिन्यानं धावत सुटली. दुसऱ्या मजल्यावर चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल तिथंच सोडून वर आली. सभागृहाच्या दारातून तिला दिसलं ते हुबेहूब फोटोतलंच. गुच्छासकट.

ती माणसांना बाजूला सारून माझ्याजवळ बसली आणि माझा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला. तेवढ्यात मी घोरलो.

‘‘अवं माय,’’ मंदा म्हणाली, ‘‘हे तं झोपून राहिले!’’

मी डोळे उघडले तर समोर ती ढसाढसा रडत होती. एवढ्या वर्षांत माझ्या घोरण्यानं तिला झालेला हा पहिला आनंद. मग तिनं माझ्या दंडावर असा फटका हाणला की माझं रक्ताभिसरण सुधारलं. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. मेश्राम तिची चप्पल आणायला धावला, मग ती शिवून आणायला पुन्हा खाली धावला.

या सगळ्यात दादाला परत कळवायचं आम्ही साफ विसरलो. संध्याकाळी मी वांग्याच्या भाजीवर ताव मारत असताना फाटक वाजलं. दारात दादा, घामानं निथळलेला, हातात संत्र्यांची पिशवी. ऑटो मिळेना म्हणून स्टँडपासून निम्मा रस्ता धावत आला होता. काय ऐकावं लागेल या भीतीनं त्यानं वाटेत एकदाही फोन लावला नव्हता.

त्यानं माझ्या ताटाकडं पाहिलं. ‘‘जेवून राहिला का बे तू?’’

मी उठलो. त्यानं मला गच्च मिठी मारली. ‘‘मले वाटलं, बाबासारखा तूबी न सांगता गेला.’’ मला इतकं बरं वाटलं की जिवंत असल्याचं पहिल्यांदाच नीट लक्षात आलं.

‘‘पण भाऊजी,’’ मंदानं डोळे पुसत विचारलं, ‘‘मातीले निघाले तं संत्री काहून आणली?’’

‘‘नागपूरले खाली हातानं कसा येऊ वं?’’ दादा म्हणाला.

रात्री संत्री सोलताना माझ्या ध्यानात आलं. माझ्या हृदयासाठी त्या दिवशी मंदा चार मजले चढली, दादा भर गर्दीतून धावला, मेश्रामनं जिन्याच्या दोन फेऱ्या केल्या. हृदय ज्याचं, तो तेवढा झोपला होता.

मॅडमना मात्र तो फोटो फार आवडला. आदर्श शवासन म्हणून त्यांनी तो मोठा करून चौकटीत बसवला आणि ऑफिसच्या दाराशी लावला. कामासाठी येणारी माणसं त्याच्यासमोर क्षणभर थांबतात, हात जोडतात आणि मग माझ्याच टेबलाशी येऊन हळू आवाजात विचारतात, ‘‘कवा गेले, साहेब?’’